स्क्रू टाकायचे की नुसती नस मोकळी करायची? स्वीडनच्या मणका रजिस्टरची एक केस

माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारे कंबरेच्या ऑपरेशनचे पेशंट साधारण तीन महिने येतात. टाके निघाल्यावर एक दिवसाआड, चालायला लागले की आठवड्यातून एकदा, आणि मग एक दिवस येणंच बंद होतं. बरे झाले म्हणून बंद झाले, पैसे संपले म्हणून, परत दुखायला लागलं आणि सांगायला संकोच वाटला म्हणून, की दुसऱ्या कुणाकडे गेले म्हणून, हे मला कधीच कळत नाही. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनलाही कळत नाही, कारण त्यांच्याकडे परत जातो तो एकतर पेढे घेऊन जाणारा किंवा खूपच त्रास असलेला, मधले सगळे कुठेतरी विरून जातात. आपल्याकडे तर "ऑपरेशन सक्सेसफुल झालं" हे नातेवाईकांना थिएटरच्या दारातच सांगितलं जातं, पेशंट अजून नीट शुद्धीवर पण नसतो. स्क्रू नीट बसले, रक्त फार गेलं नाही, पायाची बोटं हलतायत, एवढंच त्या वेळी माहीत असतं. पण पेशंट आला होता तो चालता येत नाही म्हणून, आणि तो चालतोय का याचं उत्तर मिळायला वर्ष जावं लागतं.

हे वर्षानंतरचं उत्तर देशातल्या जवळजवळ प्रत्येक मणका-पेशंटकडून मागवायचं, तेच ठरलेले प्रश्न विचारून, असं स्वीडनने ठरवलं आणि १९९३ पासून ते करतायत. त्या रजिस्टरचं नाव स्वेस्पाइन. त्यातून बरेच अभ्यास निघाले, पण मला त्यातली एकच केस सविस्तर मांडायचीय, कारण तो प्रश्न माझ्या पेशंटना रोज पडतो: नसांची नळी आवळलीय, तर नुसती ती मोकळी करून घ्यायची की सोबत स्क्रू टाकून मणके जोडून पण घ्यायचे?

आधी आजार समजून घेऊ

वय झालं की मणक्यांच्या मधली गादी झिजते, मागचे सांधे जाड होतात, आतलं लिगामेंट फुगतं, आणि ज्या नळीतून नसा जातात ती आतून अरुंद होत जाते. याला लंबर कॅनल स्टेनोसिस म्हणतात. पेशंट सांगतो ते जवळपास ठरलेलं असतं, शंभर-दोनशे पावलं चाललं की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, पायात मुंग्या, पाय लाकडासारखे होतात, मग कुठेतरी टेकलं, वाकून बसलं की दोन मिनिटांत बरं वाटतं आणि परत शंभर पावलं. गंमत अशी की यातले काही जण सायकल आरामात चालवतात, कारण सायकलवर माणूस पुढे वाकलेला असतो आणि वाकल्यावर नळी थोडी उघडते. चालत दूधवाल्यापर्यंत न जाऊ शकणारा माणूस सायकलवर गावभर फिरून येतो आणि घरच्यांना वाटतं की हे नाटक करतायत.

काही जणांमध्ये या अरुंद नळीसोबत वरचा मणका खालच्यापेक्षा थोडा पुढे घसरलेला असतो, बहुतेक वेळा चौथा पाचव्यावर. रिपोर्टमध्ये "डिजनरेटिव्ह स्पॉन्डिलोलिस्थेसिस" लिहिलेलं असतं, पेशंटच्या भाषेत "मणका सरकलाय". आणि हा शब्द कानावर पडला की घर हादरतं. सरकलाय म्हणजे अजून सरकेल, मग पाय जातील, असं सगळ्यांना वाटायला लागतं, मग डॉक्टर म्हणाले स्क्रू टाकून पक्का करू तर कोण नाही म्हणणार?

सर्जनची बाजू पण ऐकायला हवी, कारण त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. नळी मोकळी करायची म्हणजे मागचं हाड आणि लिगामेंट काढायचं, म्हणजे आधीच घसरलेला भाग अजून सैल होणार, म्हणून जोडून टाका. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या हर्कोविट्झ आणि कुर्झ यांनी घसरलेल्या मणक्याच्या ५० पेशंटचा अभ्यास छापला, त्यात जोडलेल्यांचा निकाल चांगला दिसला, आणि पुढे मणके जोडायचे पेडिकल स्क्रू सगळीकडे पोचले तेव्हा "सरकलाय म्हणजे फ्युजन", म्हणजे मणके जोडणं, हा जवळपास नियम झाला. ५० पेशंट. पुढचे आकडे वाचताना हा आकडा लक्षात असू द्या.

रजिस्टर चालतं कसं

स्वीडनमध्ये ही सवय मणक्यापासून सुरू झालेली नाही. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनचं राष्ट्रीय रजिस्टर तिथे १९७५ मध्ये सुरू झालं, खुब्याचं १९७९ मध्ये. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांची एक अख्खी पिढी आपले निकाल दुसऱ्यांच्या निकालांशेजारी ठेवून बघत मोठी झाली. मणक्याच्या सर्जननी, ब्यॉर्न स्ट्रॉमक्विस्ट, पेटर फ्रित्झेल, ओले हेग, बू यॉनसन या मंडळींनी, तेच आपल्या शाखेत आणलं. रजिस्टर सर्जनांच्या संघटनेचं आहे, पैसा सरकारी यंत्रणेतून येतो.

पण मला वाटतं खरा बदल १९९८ च्या आसपास झाला, जेव्हा निकाल कळवायचं काम पेशंटच्या हातात दिलं. आता बघा हे कसं होतं. ऑपरेशनच्या आधी पेशंट स्वतः फॉर्म भरतो, कंबर किती दुखते, पाय किती दुखतो, किती चालता येतं, गोळ्या किती लागतात, सिगरेट ओढता का, काम करता का. सर्जन वेगळा फॉर्म भरतो, निदान काय, कुठल्या लेव्हलला काय केलं, स्क्रू टाकले का, काही गुंतागुंत झाली का. आणि मग एका वर्षाने पेशंटच्या घरी फॉर्म जातो. परत दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी. पेशंट घरी बसून, सर्जन समोर नसताना उत्तर देतो. हा मुद्दा आपल्या लोकांना लगेच पटेल, कारण ज्यांनी आपलं ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांच्या तोंडावर "साहेब, काही फरक नाही पडला" म्हणणारे किती असतात? तोंडावर सगळे "बरंय डॉक्टर" म्हणतात आणि बाहेर येऊन जिन्यात बसतात.

प्रश्न पण साधे आहेत. चालण्याचा प्रश्न म्हणजे १०० मीटरपेक्षा कमी, १०० ते ५०० मीटर, अर्धा ते एक किलोमीटर, की एक किलोमीटरच्या वर. पायदुखीचा म्हणजे पूर्ण गेली, खूप कमी झाली, थोडी कमी झाली, तशीच आहे, की वाढली. सोबत ओस्वेस्ट्री इंडेक्स असतो, दहा भाग, प्रत्येकात सहा पर्याय, शून्य ते पाच गुण, बेरीज करून टक्के काढायचे, जितके जास्त तितका त्रास जास्त. बसणं, उभं राहणं, झोप, वजन उचलणं, स्वतःचे कपडे घालणं, प्रवास, असं सगळं रोजचं जगणं त्यात येतं.

आणि स्वीडनकडे एक गोष्ट आहे जी यामागचा कणाच म्हणावी लागेल, १९४७ पासून प्रत्येक नागरिकाला मिळालेला व्यक्तिगत नंबर. पेशंट एका गावात ऑपरेशन करून दुसऱ्या गावात परत ऑपरेशनला गेला तरी ते त्याच माणसाच्या नावावर दिसतं. आपल्याकडे पहिलं ऑपरेशन नाशिकला आणि दुसरं मुंबईला झालं की नाशिकच्या हिशोबात पहिलं यशस्वीच राहतं. पेशंटला रजिस्टरमध्ये यायचं नसेल तर तो नाही म्हणू शकतो, तशी कायद्यात सोय आहे, फार थोडे नाही म्हणतात.

५३९० पेशंट

आता मुख्य गोष्टीकडे. २०१३ मध्ये पेटर फोर्स्ट, कार्ल मिकेल्सन आणि बेंग्ट सँडेन यांनी स्वेस्पाइनमधले स्टेनोसिसचे ५३९० पेशंट घेतले, ज्यांचे दोन वर्षांनंतरचे फॉर्म हातात होते. त्यातल्या ४२५९ जणांची नुसती नळी मोकळी केली होती आणि ११३१ जणांना सोबत फ्युजन केलं होतं. १३०६ जणांचा मणका घसरलेला होता. दोन वर्षांनी दोन्ही गटांची दुखणी, चालणं, ओस्वेस्ट्री, समाधान सगळं बाजूबाजूला ठेवलं आणि फ्युजनवाल्यांना जास्तीचा फायदा दिसला नाही. मणका घसरलेल्यांमध्ये पण नाही. हे वाचून मी पहिल्यांदा परत वर जाऊन आकडे तपासले होते, कारण आम्हाला कॉलेजमध्ये शिकवलेलं अगदी उलट होतं.

इथे कुणीही अनुभवी सर्जन लगेच म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की अहो, आम्ही फ्युजन करतो ते ज्यांची कंबर जास्त दुखते, ज्यांचा मणका जास्त हलतो त्यांना, म्हणजे मुळात अवघड पेशंट त्या गटात गेलेत, मग ते बाकीच्यांच्या बरोबरीला आले हाच फ्युजनचा फायदा नाही का? रजिस्टरचा हा खरा कमकुवतपणा आहे. वय, सिगरेट, आधीचं दुखणं या गोष्टींचा हिशोब लावून गट सारखे करता येतात, लावलाही होता, पण सर्जनने एमआरआय बघताना मनात काय ठरवलं ते कुठल्याच फॉर्ममध्ये लिहिलेलं नसतं. त्यामुळे एकट्या रजिस्टरवरून "स्क्रू टाकू नका" म्हणणं चूक ठरलं असतं आणि त्या लोकांनी ते म्हटलंही नाही.

त्यांनी काय केलं होतं तर याच प्रश्नावर रँडमाइज्ड ट्रायल आधीच सुरू केली होती. ऑक्टोबर २००६ ते जून २०१२, सात हॉस्पिटलं, ५० ते ८० वयाचे २४७ पेशंट. कुणाला फ्युजन करायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं, सर्जनच्या मतावर नाही. १३५ जणांचा मणका घसरलेला होता, म्हणजे ३ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. एप्रिल २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला. दोन वर्षांनी ओस्वेस्ट्री फ्युजन गटात २७, नुसत्या डिकम्प्रेशनच्या, म्हणजे नुसती नळी मोकळी केलेल्यांच्या, गटात २४. सहा मिनिटांत किती चालता येतं याची टेस्ट घेतली, फ्युजनवाले ३९७ मीटर, दुसरे ४०५ मीटर. फरक नाहीच म्हणायचा. मणका घसरलेले आणि न घसरलेले वेगवेगळे काढून बघितले तरी तेच. ज्यांची पाच वर्षं पूर्ण झाली त्यांच्यातही तेच.

फरक पडला तो दुसरीकडे. फ्युजनवाले सरासरी ७.४ दिवस हॉस्पिटलमध्ये राहिले, दुसरे ४.१ दिवस. ऑपरेशनला वेळ जास्त, रक्त जास्त गेलं, खर्च जास्त. आणि सरासरी साडेसहा वर्षांत परत ऑपरेशन लागलं ते फ्युजन गटात २२ टक्क्यांना, दुसऱ्या गटात २१ टक्क्यांना, म्हणजे "आता जोडून घ्या, नाहीतर परत उघडायला लागेल" हे जे पेशंटला सांगितलं जातं ते पण टिकलं नाही. पुढे याच पेशंटचे दोन वर्षांनंतरचे एमआरआय बघितले तेव्हा जोडलेल्या भागाच्या शेजारच्या लेव्हलला नळी नव्याने आवळण्याचं प्रमाण फ्युजन गटात जास्त निघालं. जोडलेला भाग हलत नाही, मग हलण्याचा ताण शेजाऱ्यावर जातो, हे आम्ही फिजिओवाले रोज बघतो पण आमच्याकडे आकडा नव्हता.

एक गोष्ट मला इथे मुद्दाम सांगायचीय. हे लोक फ्युजनच्या विरोधातले नव्हते. जुन्या कंबरदुखीसाठी फ्युजन हे ऑपरेशन न करता दिलेल्या उपचारांपेक्षा चांगलं, असं २००१ मध्ये २९४ पेशंटच्या ट्रायलमधून सांगणारे पण स्वीडिशच, आणि त्यातले पहिले लेखक पेटर फ्रित्झेल, तेच जे रजिस्टर उभं करणाऱ्यांत होते. म्हणजे ज्या आजारात फायदा दिसला तिथे दिसला म्हणाले, ज्यात नाही दिसला तिथे नाही म्हणाले. माझा या रजिस्टरवर विश्वास बसला तो यामुळे.

त्याच अंकातला दुसरा निकाल

गोष्ट इतकी सरळ राहिली असती तर बरं झालं असतं, पण जर्नलच्या त्याच अंकात अमेरिकेची एक ट्रायल छापून आली, घोगावाला आणि सहकाऱ्यांची, ६६ पेशंट, सगळ्यांचा मणका पहिल्या ग्रेडचा घसरलेला. त्यात एसएफ-३६ या प्रश्नावलीच्या शारीरिक भागात फ्युजनवाल्यांची सुधारणा १५.२ आणि दुसऱ्यांची ९.५ निघाली. ओस्वेस्ट्रीत ठोस फरक नव्हता. पण परत ऑपरेशनचा आकडा बोलका होता, फ्युजन गटात १४ टक्के आणि नुसत्या लॅमिनेक्टमीच्या, म्हणजे मागचं हाड काढून नळी मोकळी केलेल्यांच्या, गटात ३४ टक्के. मग जगभरच्या सर्जननी आपल्याला हवा तो पेपर उचलला, ते स्वाभाविकच होतं.

मला वाटतं या दोन आकड्यांमधला फरक समजून घेण्यासारखा आहे. परत ऑपरेशन करायचं की नाही हे पेशंटचं दुखणं एकटं ठरवत नाही, सर्जन ठरवतो. ज्या देशात सर्जनला मनातून वाटतं की घसरलेला मणका जोडायलाच हवा, तिथे न जोडलेला पेशंट पाठ धरून परत आला तर त्याला लगेच "आता जोडू" असं सांगितलं जाण्याची शक्यता जास्त, आणि आधीच जोडलेला आला तर त्याला द्यायला दुसरं काही उरलेलं नसतं. हे माझं मत आहे. पण म्हणूनच पेशंटने स्वतः भरलेला फॉर्म मला जास्त महत्त्वाचा वाटतो, त्यात सर्जनचं मत मिसळत नाही.

दुसरी गोष्ट नळी मोकळी कशी केली याची. मागचं सगळं हाड आणि मधली लिगामेंटं काढून टाकली तर मणका सैल होणारच, तिथे मग जोडायची गरज खरंच पडू शकते. पण एका बाजूने, मधला भाग शाबूत ठेवून आतून जागा केली तर सैलपणा तेवढा येत नाही. "स्क्रू लागत नाही" हे उत्तर हातातल्या कौशल्याशी बांधलेलं आहे, सगळं भसाभस कापून वर स्क्रू पण न टाकणं म्हणजे स्वीडनसारखं काम केलं असं नाही.

स्वीडिश ट्रायलवर एक टीका झाली ती मला रास्त वाटते: मणका वाकताना आणि ताठ होताना किती हलतो याचे एक्स-रे बघून पेशंट निवडले नव्हते, आणि वेगवेगळ्या प्रमाणात घसरलेले सगळे एकत्र होते. नेमका घसरलेल्यांचाच प्रश्न शेजाऱ्यांनी हातात घेतला होता.

नॉर्वे पुढे गेला

नॉर्वेचं रजिस्टर नोरस्पाइन, त्याचं मूळ उत्तरेला ट्रॉम्सोच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये, राष्ट्रीय पातळीवर २००७ पासून. तिथेही रजिस्टरमधून तुलना केली, ती २०१७ मध्ये छापून आली, आणि सोबत ट्रायलही केली, इव्हार ऑस्टेवोल आणि मंडळींची. १६ हॉस्पिटलं, २६७ पेशंट, सगळे मणका घसरलेले, आणि नळी मोकळी करताना मधली रचना जपायची असं आधीच ठरलेलं. निकाल परत न्यू इंग्लंड जर्नलमध्ये, २०२१. ओस्वेस्ट्री किमान ३० टक्क्यांनी सुधारली असे पेशंट डिकम्प्रेशन गटात ७१.४ टक्के, फ्युजन गटात ७२.९ टक्के. परत ऑपरेशन १२.५ टक्के आणि ९.१ टक्के. २०२४ मध्ये पाच वर्षांचा निकाल बीएमजे या जर्नलमध्ये आला, तेवढे सुधारलेले पेशंट दोन्ही गटांत ६३ टक्के.

म्हणजे एकूण बघा, रजिस्टरमध्ये जे दिसलं ते ट्रायलने तपासलं, त्या ट्रायलमध्ये जे सुटलं त्यातलं काही शेजारच्या देशाने दुसऱ्या ट्रायलमध्ये घेतलं, आणि मधल्या काळात रजिस्टर चालूच होतं, त्यामुळे या निकालांनंतर सर्जन खरंच बदलले का हेही त्याच रजिस्टरमध्ये बघता आलं. स्टेनोसिससाठी फ्युजन करण्याचं प्रमाण तिथे खाली आलं. आपल्याकडे एखादा पेपर आल्यानंतर किती डॉक्टरांनी पद्धत बदलली हे कुणी मोजतच नाही, कॉन्फरन्समध्ये टाळ्या पडतात आणि सोमवारी ओपीडीत तेच चालू.

पेशंटसमोर बसून

रजिस्टरचा उपयोग फक्त सर्जनांच्या वादापुरता राहिला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. स्वेस्पाइनमधून काही गोष्टी थेट माझ्या टेबलावर आल्या. स्टेनोसिसच्या ४५५५ पेशंटच्या अभ्यासात, २०११ चा, सिगरेट ओढणारे दोन वर्षांनी कमी सुधारलेले दिसले, चालणंही कमी आणि गोळ्याही जास्त. मी आता ऑपरेशनची तारीख ठरलेल्या पेशंटला हा आकडा सांगते आणि "सिगरेट वाईट" या प्रवचनापेक्षा तो जास्त ऐकला जातो. दुसरं म्हणजे पाय जास्त दुखतो की कंबर हा प्रश्न. ज्यांची कंबरदुखी पायापेक्षा वरचढ असते त्यांचा निकाल तितका चांगला येत नाही, हे रजिस्टरमधून नीट पुढे आलं. पेशंटला तर कंबर आणि पाय एकच वाटतं, "सगळंच दुखतं हो", पण शांतपणे विचारलं की कळतं, आणि मग ऑपरेशननंतर काय सुटेल आणि काय राहील हे आधीच बोलता येतं.

स्वीडनमध्ये तर याच माहितीवरून डायलॉग सपोर्ट नावाचं वेबवरचं साधन केलंय, त्यात पेशंटचं वय, दुखणं, सिगरेट, किती दिवसांपासून त्रास वगैरे भरलं की त्याच्यासारख्या आधीच्या पेशंटचं काय झालं त्यावरून अंदाज निघतो आणि सर्जन-पेशंट दोघं मिळून तो स्क्रीनवर बघतात. आधीच्या हजारो लोकांनी घरी बसून भरलेला फॉर्म असा नव्या माणसाच्या उपयोगाला येतो, मला हे फार भारी वाटतं, खरंच.

दोष आहेत. वर्षानंतरचा फॉर्म साधारण दहातले सात-आठच परत पाठवतात, मग न पाठवणाऱ्यांचं काय झालं ही काळजी राहतेच. नॉर्वेत अशा न उत्तरलेल्या पेशंटना नंतर शोधून विचारलं तेव्हा त्यांचे निकाल फार वेगळे निघाले नाहीत, स्वीडनच्याही एका अभ्यासात तसंच दिसलं, पण मी तरी यावर निर्धास्त होणार नाही, कारण आपल्याकडे फॉर्म न भरणारा म्हणजे अनेकदा वाचता न येणारा, नाहीतर पत्ता बदललेला ऊसतोड मजूर असेल, तो तिथल्या न उत्तरलेल्या माणसासारखा नसणार.

आणि आपल्याकडे म्हटलं की लोक म्हणतात इथे शक्य नाही. पूर्ण देशाचं उद्या होणार नाही हे मलाही कळतं. पण प्रश्नांची तयारी झालेली आहे. ओस्वेस्ट्री इंडेक्सची मराठी आवृत्ती तपासून, विश्वासार्ह ठरवून २०१३ मध्ये स्पाइन या जर्नलमध्ये छापून आलीय. ईक्यू-५डी या तब्येतीच्या छोट्या प्रश्नावलीसाठी भारतातल्या लोकांच्या पसंतीवर आधारलेले गुण पण २०२२ मध्ये आलेत. सरकारी योजनेतून होणाऱ्या ऑपरेशनचा क्लेम ऑनलाइन भरलाच जातो, पेशंटचा मोबाइल नंबर त्यात असतोच, वर्षानंतर एक फोन करायला नवा कायदा नाही लागत.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय, रजिस्टर वगैरे म्हणणार नाही, दोनशे पानी वही आहे. ऑपरेशनच्या आधी किंवा निदान पहिल्या भेटीत मराठी फॉर्म भरून घेते. त्यात पण शिकायला मिळालं. मीटरमध्ये कुणीच सांगत नाही. मारुतीच्या पारापर्यंत, एसटी स्टँडपर्यंत, दोन विजेचे खांब, असं सांगतात, मग मी त्यांच्या मुलाला मोबाइलवर अंतर बघायला लावते आणि कंसात मीटर लिहिते. वैवाहिक संबंधांचा प्रश्न बायका सोडूनच देतात, मग त्या भागाचे गुण न धरता टक्के काढायचे, फॉर्मच्या नियमात तशी सोय आहे.

मागच्या महिन्यात सिन्नरकडच्या एका काकूंना फोन केला. दोन लेव्हलला स्क्रू टाकलेले, ऑपरेशनला तेरा महिने झालेले.

"काकू, आता कुठपर्यंत चालता?"

"विहिरीपर्यंत जाते की रोज."

वहीत बघितलं तर ऑपरेशनच्या आधी पण विहीरच लिहिलेली, ३५० मीटर.

"आधी पण विहिरीपर्यंतच जायचात ना?"

"हो, पण तवा मधे दोनदा दगडावर बसायला लागायचं. आता जाताना नाही बसत."

"आणि येताना?"

"येताना एकदा टेकते. चढ आहे ना गं ताई. आणि कंबर आहेच, ती काय गेली नाही."

सर्जनना सांगितलं का विचारलं तर म्हणाल्या त्यांनी सहा महिन्यांनी फोटो बघून सांगितलं की सगळं एकदम पक्कं बसलंय, मग मी कशाला बोलू. पायदुखी "खूप कमी", कंबर "तशीच", अंतर तेच पण थांबे दोनाचा एक, असं मी लिहून घेतलं, आणि त्यांच्या नावापुढे पुढच्या वर्षीची तारीख टाकली.